देणगी आणि देणं

‘आपला प्रस्ताव आमच्या उद्दिष्टांत बसत नाही, क्षमस्व.’ गेली अठरा वर्षं आमच्या घरच्या ट्रस्टचा पत्रव्यवहार मी बघते. त्यात हे वाक्य किती वेळा लिहिलं, त्याची गणती नाही. बहुतेक वेळा ते खरं होतं. एकदा ते खोटं होतं आणि लिहितानाच मला ते ठाऊक होतं. त्या एका पत्राबद्दल मला लिहायचं आहे.

पत्र इचलकरंजीतल्या, मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांच्या एका छोट्या गटाला गेलं होतं. त्यांनी साठ हजार रुपये मागितले होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये राबणाऱ्या दोनशे जणांची छाती आणि कान डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे होते. सुताची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, मग जिना चढताना दम लागायला लागतो. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेल्या माणसाशी घरात बोलताना ओरडावं लागतं. अर्ज साधा, हातानं लिहिलेला होता. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं, कोणत्या शेडमध्ये किती जणांना त्रास आहे त्याची यादी करून ती कामगार खात्याला देऊ.

त्या ओळीवर मी थांबले. आमच्या ट्रस्टच्या घटनेत तीन उद्दिष्टं आहेत : सामाजिक न्याय, कला आणि पर्यावरण. अर्ज पहिल्या उद्दिष्टात तंतोतंत बसत होता. तरीही संध्याकाळी मी ते ठरावीक वाक्य लिहिलं, सही केली आणि पाकीट टपालात टाकायला दिलं.

का, ते सांगायचं तर पैसा कुठून आला तिथून सुरुवात करावी लागेल. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला. पुढे त्या एका मागाचं अख्खं गाव झालं, आणि त्या गावात माझ्या आबांनी उधारीवर घेतलेल्या चार मागांपासून सुरुवात करून मोठी शेड उभी केली. मग कापड रंगवण्याचं प्रोसेस हाउस आलं. आबा पहाटे पाचला शेडमध्ये असायचे. त्यांच्या कष्टांबद्दल मला कधीच शंका नव्हती, आजही नाही. पण कष्टांच्या जोडीला एक युक्तीही होती. वीज वापरणाऱ्या जागेत दहा किंवा जास्त कामगार असले की तेव्हा कारखाना कायदा लागू व्हायचा. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयसुद्धा दहा जणांपासूनच लागू होतो. म्हणून आमची एकच शेड, एकच छप्पर, एकच दार कागदावर चार मालकांची होती : आबा, आजी, बाबा आणि काका. प्रत्येकाच्या नावावर दहाहून कमी माणसं. गावात अनेकांनी हेच केलं, त्यामुळे घरात त्याला कुणी चूक म्हणत नसे. मीही म्हटलं नाही.

नंतर ट्रस्ट स्थापन झाला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली त्याची धर्मादाय कार्यालयात नोंद झाली. पहिल्या विश्वस्तांची चार नावं तीच होती : आबा, आजी, बाबा, काका. ज्या चार नावांनी कामगारांचा हक्क वाटून टाकला, त्याच चार नावांनी आम्ही न्यायासाठी पैसे वाटायला बसलो. हे दोन कागद मी कित्येकदा हाताळले. शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नाहीत.

पैसे मात्र आम्ही मन लावून वाटले. वनहक्क कायद्यावर गडचिरोलीत काम करणाऱ्या तरुणांना आम्ही अनेक वर्षं मदत केली. त्यानिमित्तानं मी मेंढा-लेखाला गेले. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एक जरी माणूस नको म्हणाला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. मी भारावून परत आले आणि बैठकीत त्यावर अर्धा तास बोलले. त्याच बैठकीत आम्ही पाच जणांनी, सगळे एकाच आडनावाचे, पंचेचाळीस मिनिटांत वर्षभराचा निधी वाटून टाकला. ज्यांच्यासाठी तो निधी होता त्यांच्यापैकी एकही माणूस त्या खोलीत नव्हता. हा विरोधाभास मला तेव्हा दिसला नाही.

कोकणातल्या देवराया राखणाऱ्यांना आम्ही पैसे दिले. घाटमाथ्यावरच्या झऱ्यांच्या नोंदी करणाऱ्या मुलांना दिले. आमच्या गावावरून वाहणाऱ्या पंचगंगेला मात्र काही दिलं नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती अशा पाच प्रवाहांची ही नदी पुढे नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. तिच्या पाण्यावर मी वाढले. तिला काळं होताना मी पाहिलं आहे, आणि आमच्या प्रोसेस हाउसचं रंगीत पाणीही पुष्कळ वर्षं अर्धवट शुद्ध होऊन नाल्यात जायचं, हे मला माहीत होतं.

२०१२ साली गावात काविळीची मोठी साथ आली. दवाखाने भरून गेले. साथीचं कारण पिण्याच्या पाण्यात मिसळलेलं मैलापाणी असल्याचं कळलं, तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर एक सुस्कारा ऐकू आला. ‘म्हणजे रंगाच्या पाण्याचा संबंध नाही.’ हे वाक्य मी बोलले होते. गावात माणसं मरत होती आणि मला हायसं वाटलं होतं. गेल्या काही वर्षांत माझ्या मनानं मला जे जे दाखवलं, त्यात हा सुस्कारा सगळ्यात जड आहे. त्या वर्षीही आम्ही देवरायांचा धनादेश वेळेवर काढला.

कलेच्या बाबतीतही तेच. इचलकरंजीचं नाव गाण्याशी जोडलेलं आहे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथल्या जहागीरदारांच्या आश्रयानं राहिले, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या परंपरेला स्मरून आम्ही दरवर्षी संगीतसभा भरवतो. ती चांगली होते, गावातले लोक रात्रभर बसतात. पण एका वर्षी कॉलेजातली काही मुलं एकांकिका घेऊन आली. तिचा विषय होता रात्रपाळीला मागावर झोप लागलेला एक माणूस. मी संहिता वाचली आणि म्हटलं, ‘छान आहे, शेवट जरा सौम्य करा.’ मुलांनी शेवट बदलला नाही आणि आम्ही पैसे दिले नाहीत. नकाराचं कारण आम्ही ‘निधीची मर्यादा’ असं लिहिलं.

आमच्याच हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथल्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व जाहीरपणे मान्य केलं. त्याच्या थोडंच आधी, ३१ जानेवारीला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला होता आणि त्या पाक्षिकासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. आम्ही कोल्हापूरकडची माणसं शाहूंचं नाव भाषणात सगळ्यात आधी घेतो. माझ्या पहिल्या वार्षिक अहवालाच्या प्रस्तावनेतही ते आहे. पण महाराजांनी नेमकं काय केलं, याचा विचार मी उशिरा केला. ज्या व्यवस्थेच्या शिखरावर ते स्वतः बसले होते, तिलाच जाब विचारणाऱ्या लेखणीला त्यांनी पैसे दिले, आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात राहू दिली. मी एका एकांकिकेचा शेवट माझ्या हातात मागितला होता.

मला आता जे दिसतं ते सरळ सांगते. आम्ही न्यायाला नेहमी परगावी पैसे पाठवले. जिथला अन्याय आम्ही केलेला नव्हता, तिथे आम्ही उदार होतो. जिथे बोट आमच्याकडे वळण्याची शक्यता होती, तिथे उद्दिष्टं आड आली. गडचिरोलीचं, कोकणाचं काम खरं होतं, त्या माणसांनी आमच्या पैशाचं सोनं केलं, त्याबद्दल मनात किंतु नाही. पण त्या कामाच्या सावलीत मी माझ्या उंबरठ्याकडे न पाहण्याची सोय करून घेतली.

आणि पैसा तरी आमचा होता का? ट्रस्टच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणूनच त्यातला ८५ टक्के भाग दरसाल धर्मादाय कामावर खर्च करण्याचं बंधन आहे. आबांनी ट्रस्टला दिलं, त्यावरही आयकरात सवलत मिळाली. म्हणजे सरकारी तिजोरीत जाणारा, सगळ्यांचा असलेला काही वाटा आमच्या हाती आला होता. मार्चअखेर ते ८५ टक्के खर्ची पडावेत म्हणून धावपळ करताना मी स्वतःला दात्री समजत होते.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या अर्जाखालचा पत्ता शोधत गेले. दार उघडलं ती मावशी मला ओळखत होती, मी तिला ओळखत नव्हते. मी म्हटलं, ‘मावशी, तुमचं ते तपासणीचं काम... आता आपण करू या.’ तिनं आधी पाणी दिलं. मग म्हणाली, ‘ताई, आता नगं. आमी वर्गणी काढली, समद्यांनी थोडं थोडं दिलं. झालं तपासून.’ तिच्या आवाजात राग नव्हता. ट्रंकेतून तिनं दोनशेपानी वही काढली. रेघा मारून रकाने केले होते : नाव, शेडमालक, किती वर्षं, दम, कान. त्रास असेल तिथे फुली.

शेडमालकाच्या रकान्यात मी आमचं नाव शोधलं. ते चार ठिकाणी होतं, चार वेगवेगळ्या पानांवर, कारण कागदावर आम्ही चार मालक होतो. मी पर्समधून पेन काढलं आणि चारही पानांवरची माणसं तळहातावर मोजत गेले. एकोणीस नावं. त्यातल्या अकरा जणांसमोर ‘दम’च्या रकान्यात फुली. मावशी शांतपणे म्हणाली, ‘त्यातलं दोघं आता न्हाईत.’

त्या आठवड्यात मी घरच्यांना बसवलं. भाऊ म्हणाला, ‘हे ट्रस्टमधून करू या, उद्दिष्टांत बसतं.’ मी नको म्हटलं. मालकाचं देणं ट्रस्टच्या पैशातून फेडलं तर ते पुन्हा एकदा दुसऱ्याच्या खिशातून होईल, आणि वर आमच्या नावावर पुण्य जमा होईल. ट्रस्टमधून जाते ती देणगी. हे देणं आहे, ते घरातून जायला हवं. वाद झाला, दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. आता शेड एका नावावर आली आहे, हयात असलेल्या सतरा माणसांची नोंद झाली आहे. नऊ जणांच्या उपचारांचा आणि दोन घरांचा खर्च आम्ही उचलला आहे. नाल्यात जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सुटेपर्यंत नदीवर बोलायला मी उभी राहणार नाही. ट्रस्टवर दोन बाहेरची माणसं घ्यायचं ठरलं आहे. त्यातल्या एका जागेसाठी मी मावशीला विचारलं. ती विचार करते आहे, आणि तिनं नाही म्हटलं तर तेही मला मान्य करावं लागेल.

मी त्या बायकांना दुसरं पत्र लिहिलं. आपला प्रस्ताव आमच्या उद्दिष्टांत बसत होता, ‘बसत नाही’ असं मी जाणूनबुजून लिहिलं, एवढंच त्यात आहे. त्याची प्रत मी पहिल्या पत्राला टाचली आणि त्याच फाइलीत ठेवली. पुढच्या पिढीतलं कुणी ती फाइल उघडेल तेव्हा त्याला दोन्ही कागद एकत्र मिळावेत.