परवान्यापलीकडचे ऋण

आपल्या धर्मग्रामांतील घरांत अलीकडे एक नवा छंद शिरला आहे. आठवी-नववीतील मुले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तळहाताएवढा निळा बोर्ड आणतात, त्याला तारा जोडतात, संगणकावर चार ओळी लिहितात आणि इवलासा दिवा उघडझाप करू लागला की आईला हाक मारतात. पुढे तोच बोर्ड टाकीतील पाण्याची पातळी मोजतो, कुंडीतील मातीची ओल सांगतो. बोर्डाचे नाव आर्दुइनो. मुले हाताने काही घडवीत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या बोर्डाच्या जन्मकथेत नीतिशास्त्राचा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो मोठ्यांनीही विचारात घ्यावा असा आहे.

उत्तर इटलीत इव्रेआ नावाचे लहानसे शहर आहे. ऑलिव्हेत्ती ही टंकलेखन यंत्रांची प्रसिद्ध कंपनी १९०८ साली तिथेच स्थापन झाली. त्याच शहरातील रचनाकलेच्या एका संस्थेत एर्नान्दो बारागान हा कोलंबियाचा विद्यार्थी शिकत होता. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण नसलेल्या कलावंतांनाही मायक्रोकंट्रोलर वापरता यावा, म्हणून त्याने २००३ साली आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची प्रणाली रचण्यास आरंभ केला. ‘प्रोसेसिंग’ या अगोदरच्या खुल्या प्रणालीचा आधार त्यानेही घेतला होता. त्याच्या मार्गदर्शकांपैकी एक होते मास्सिमो बान्झी. २००५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायरिंग अधिक स्वस्त चिपवर बसविली आणि आर्दुइनो जन्मास आला. संस्था बंद पडण्याच्या मार्गावर होती. आपले काम तिच्याबरोबर बुडू नये म्हणून त्यांनी आराखडेही जगाला खुले करून दिले. कुणीही बोर्ड बनवावा, विकावा, सुधारावा. राखून ठेवले ते फक्त नाव.

हे नाव गावातल्या एका बारचे आणि बारला ते मिळाले इव्रेआच्या आर्दुइन राजावरून. हा राजा ख्रिस्तसभेच्या इतिहासात फारशा सन्मानाने वावरत नाही. व्हेर्चेल्लीच्या बिशपांच्या हत्येवरून पोप दुसरे सिल्व्हेस्टर यांनी ९९९ साली त्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. युरोपातील विद्यार्थ्यांना भारतीय अंकांची ओळख करून देणाऱ्या पहिल्या शिक्षकांपैकी हे पोप एक होते! राज्य गमावल्यावर आर्दुइन फ्रुत्तुआरियाच्या मठात गेला आणि १०१५ साली तिथेच वारला. असो.

२०१६ साली बारागान यांनी आपली बाजू सविस्तर लिहून मांडली. आर्दुइनोची कथा सांगताना वायरिंगचे स्थान झाकोळले जाते, ही त्यांची व्यथा होती. आर्दुइनोच्या माहितीत वायरिंगचा उल्लेख आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु उल्लेख असणे आणि श्रेय पोहोचणे यांत अंतर असते. आज दिवा लावण्यासाठी मूल जी आज्ञा लिहिते, ती वायरिंगमधूनच आलेली आहे. ते नाव मात्र त्याच्या कानावरही पडलेले नसते. विशेष म्हणजे त्याच सुमारास आर्दुइनोचे संस्थापकही नावाच्या मालकीवरून आपसांत भांडत होते. तो वाद २०१६ च्या अखेरीस मिटला. आराखडे वाटून टाकणाऱ्यांनाही नाव मात्र सोडवत नाही.

बारागान यांच्या बाबतीत कायदा मोडला गेला काय? मुळीच नाही. परवान्याने दिलेली मोकळीकच वापरली गेली. मग देणे उरते कशाचे? संत थॉमस अक्विनास यांनी कृतज्ञतेला न्यायाशी जोडलेला सद्गुण मानले आहे. काही ऋणे कायद्याची असतात, त्यांची वसुली न्यायालय करते. कृतज्ञतेचे ऋण नैतिक असते. त्याच्या वसुलीचा दावा लावता येत नाही, म्हणून ते माफ झाले असे नव्हे. त्यांच्या मते त्याच्या फेडीच्या तीन पायऱ्या आहेत: उपकार ओळखणे, आभार मानणे आणि योग्य वेळी यथाशक्ती परतफेड करणे. परवाना फार तर दुसऱ्या पायरीचे शब्द सक्तीचे करू शकेल. पहिली पायरी मनात चढावी लागते. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकच. उरलेल्या नऊजणांनी कोणता नियम मोडला? ते तर सांगितल्याप्रमाणे याजकांकडे निघाले होते. तरीही प्रभूने त्यांच्याविषयी विचारणा केलीच.

फुकट मिळालेल्या वस्तूला मालक नसतो, असे आपण सहज समजतो. चर्चच्या गायनवृंदात कुणीतरी बसविलेल्या चाली आपण वर्षानुवर्षे गातो, त्यांचे कर्ते कोण हे विचारीत नाही. मुलांना तरी दोष का द्यावा?

त्यांच्या छंदात या ऋणासाठी एक जागा मात्र आयती आहे. प्रोग्रॅममध्ये दोन तिरक्या रेघांनंतर जे लिहिले जाते, ते यंत्र वाचत नाही. ते माणसांसाठी असते. दिवा उघडझाप करणाऱ्या त्या पहिल्या पाठाच्या आरंभीच अशा टिपणात, तो कुणी कधी सुधारला त्यांची नावे आहेत. पाठ सर्वांसाठी मोफत आहे, असेही त्याखालीच नोंदलेले आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प छापून घेताना ही नावे ठेवावीत की पुसावीत, हे आपल्या घरात मुलाशेजारी बसून एकदा बोलता येईल.