आधी भोक बुजवा

घरात वटवाघूळ शिरलं की आपल्याकडे दोनच गोष्टी घडतात. कोणीतरी केरसुणी किंवा बॅडमिंटनची रॅकेट घेऊन त्याच्यामागे धावतं, आणि कोणीतरी हा अपशकुन मानून शांत कधी करायची याची चौकशी सुरू करतं. कबुतराच्या बाबतीत आधी उलट असतं. त्याला मूठमूठ ज्वारी टाकून पुण्य जोडायचं. मग तेच कबूतर एसीच्या मागे काटक्या रचू लागलं की अंडी उचलून खाली फेकायची. पूजा आणि मार या दोन टोकांच्या मध्ये एक साधं काम आहे: घराची डागडुजी, आणि तीही प्राणी आत येण्याआधी. ते काम आपण कोणीच करत नाही, आणि माझ्या मते भूतदयेची खरी कसोटी तिथेच लागते.

पशुपक्ष्यांना घराबाहेर ठेवण्यात निर्दयपणा नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे आत जात राहिली, तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. डॉक्टर तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. ती वेळेवर ओळखली नाही तर फुप्फुसं कडक होत जातात, आणि ते नुकसान भरून येत नाही. गच्चीवर दाणे टाकणारा एक असतो आणि धाप लागणारी आजी खालच्या मजल्यावरची असते. एकाचं पुण्य दुसऱ्याच्या छातीवर उभं राहत असेल तर त्याला दान कसं म्हणायचं?

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितलं. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, जमावाने ती फाडून काढली, हायकोर्टात सुनावण्या झाल्या. बघता बघता वाद धर्माचा झाला, मग मराठी-अमराठीचा. या गदारोळात कबूतर आणि फुप्फुस दोन्ही बाजूला पडली. दाणे टाकणारे सगळ्या जातिधर्मांचे आहेत, त्यामुळे एका समाजाकडे बोट दाखवून यातून सुटका नाही. पाहायचं आहे ते कबुतराचं जगणं. हा मूळचा कड्याकपारींतला पक्षी. आपले छज्जे, डक्ट आणि खिडक्यांवरचे सज्जे म्हणजे त्याला आयते कडेच. मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते, ती सुमारे १८ दिवसांत फुटतात, आणि महिन्याभरात पिल्लं उडू लागतात. इतर अनेक पक्ष्यांना पिल्लांसाठी किडे शोधावे लागतात. कबूतर मात्र गळ्यातल्या पिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या स्रावावर पिल्लं वाढवतं. त्यामुळे दाणा बारमाही मिळाला की वीणही जवळजवळ बारमाही होते. आपली मूठ भुकेल्याची भूक भागवत नाही, ती संख्या वाढवते. आणि मग त्याच वाढलेल्या पक्ष्यांवर आपण काठी उगारतो.

वटवाघळाची गोष्ट अगदी वेगळी आहे. बहुतेक जातींच्या मादीला वर्षाला एखादंच पिल्लू होतं, त्यामुळे मारून टाकलेला थवा सहजी पुन्हा उभा राहत नाही. लहान वटवाघळं रात्रभर किडे खातात, मोठी फळं खातात आणि रानात बिया पसरवतात. तरीही फळं खाणाऱ्या वटवाघळांना आपल्या वन्यजीव कायद्याने कितीतरी वर्षं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत बसवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी गेली. मनातली यादी अजून तशीच आहे. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला आढळल्या, तेव्हा पुन्हा भीती पसरली. त्या भीतीतून घ्यायचा धडा एवढाच की उष्टं फळ खाऊ नये आणि वटवाघळाला हात लावू नये. गुहेत धूर करणं किंवा त्यांचं झाड तोडणं म्हणजे बिथरलेले प्राणी चार नव्या ठिकाणी पाठवणं.

कौलारू घराच्या आढ्यात किंवा पोटमाळ्यावर वटवाघळं असतील तर त्यांना घालवता येतं. थोडा धीर हवा. तिन्हीसांजेला ती कुठून बाहेर पडतात ते पाहावं. त्या फटीखाली लेंड्या आणि काळपट डाग दिसतात. तिथे बारीक जाळीचा पडदा वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्का करून खाली मोकळा सोडावा. बाहेर पडणारं वटवाघूळ खालून निसटतं, परतताना त्याला वाट सापडत नाही. काही रात्री जाऊ द्याव्यात, आत कोणी उरलं नाही याची खात्री करावी, मग फट कायमची बुजवावी. मात्र आत न उडणारी पिल्लं असतील तर हे काम पुढे ढकलायचं. आई बाहेर आणि पिल्लू आत अडकलं तर ते तडफडून मरतं, आणि ते पाप कोणत्याही शांतीने धुतलं जात नाही. खोलीत एकटंदुकटं वटवाघूळ आलं असेल तर पंखा बंद करावा, दिवे मालवावेत, खिडक्या उघडाव्यात आणि बाजूला व्हावं. बहुतेक वेळा ते आपणहून जातं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उंदरांचं विष हा आपला सर्वांत आवडता आणि सर्वांत आंधळा उपाय. विष खाल्लेला सुस्त उंदीर गव्हाणी घुबडाला आयता सापडतो, आणि त्या विषाने घुबडही मरतं. ज्या पक्ष्याला आपण लक्ष्मीचं वाहन म्हणतो, त्याच्या घरावर बसण्याला अशुभ मानतो आणि अमावास्येच्या अघोरी पूजेसाठी त्याचा बळीही देतो, तो खरं तर रात्रपाळीला फुकट राबणारा उंदीरमार आहे. उंदरांवर विषाआधीचा उपाय म्हणजे स्वच्छता. संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घेत, कीर्तन रात्री. जत्रेतल्या पशुहत्येविरुद्ध बोलणारा आणि उकिरडा झाडणारा माणूस एकच होता, हे आपण विसरतो. कचरा उघडा पडला की उंदीर येणार, मग विष येणार. डब्याला झाकण घालणं हेसुद्धा प्राणी न मारण्याचंच व्रत आहे.

कबुतरांसाठी लावायच्या जाळीतही हयगय चालत नाही. सैल, फाटकी नायलॉनची जाळी पक्ष्यासाठी फास ठरते. त्यात पाय अडकलेलं कबूतर दिवसेंदिवस लटकत राहतं आणि सगळी सोसायटी वर पाहून पुढे जाते. जाळी ताणून बसवलेली हवी, कडा बंद हव्यात, आणि लावण्याआधी आत घरटं नाही हे पाहिलेलं हवं. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत महिनाभर थांबायचं, मग जागा ओली करून, तोंडाला मास्क लावून साफ करायची. सुकी विष्ठा झाडूने उडवायची नाही. सफाई कामगाराला हे काम सांगताना मास्क आणि हातमोजे देणं ही सोसायटीची जबाबदारी आहे, त्याची नाही.

हे सगळं एकट्या फ्लॅटवाल्याने करून भागणार नाही. एकाने जाळी लावली की कबुतरं शेजारच्या छज्ज्यावर जातात. म्हणून येत्या वार्षिक सभेत तीन ठराव मांडा: सामाईक डक्टला आणि गच्चीच्या फटींना सोसायटीच्या खर्चाने जाळी, आवारात दाणे टाकणं बंद, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी छज्जे व कौलांची पाहणी. दाणे टाकण्यावर सभेत सर्वांत जास्त भांडण होईल. त्या वेळी दाणे टाकणाऱ्या काकांना गुन्हेगार ठरवू नका. त्यांना खालच्या मजल्यावर आजीकडे घेऊन जा आणि तिचा खोकला ऐकू द्या.