‘ऐच्छिक’ या शब्दाचा भार

स्नानसंस्काराचा विधी आटोपल्यावर एका तरुण मातेने बाळाचे लसीकरणाचे कार्ड पुढे करून विचारले, “फादर, काही लशी ऐच्छिक आहेत म्हणे. पैशांअभावी दिल्या नाहीत, तर आम्ही दोषी ठरू का?” प्रश्न वैद्यकाचा वाटला, तरी तो सदसद्विवेकबुद्धीचा होता.

बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, गोवर-रुबेला या लशी सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. कांजिण्यांची लस स्वखर्चाने घ्यावी लागते. ही सीमारेषा काही सीनाय पर्वतावर कोरली गेलेली नाही. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी पदरमोड करूनच घ्यावी लागे. २०११ पासून ती देशभर सरकारी कार्यक्रमात आली. रोटाव्हायरसची लस २०१६ साली चार राज्यांत सुरू होऊन पुढे सर्वत्र पोहोचली. रोगाचा प्रादुर्भाव, लशीची किंमत व पुरवठा पाहून शासन असे निर्णय घेते. तेव्हा ‘ऐच्छिक’ याचा अर्थ ‘निरुपयोगी’ असा होत नाही. परंतु अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते, हे नीतिशास्त्राचे जुने तत्त्व आहे. मी त्या मातेला म्हटले, “विनामूल्य लशी वेळच्या वेळी पूर्ण करा, उरलेल्यांपैकी कोणती आधी घ्यावी ते डॉक्टरांना निःसंकोच विचारा, आणि मन शांत ठेवा.”

मग ज्यांना परवडते, त्यांचे कर्तव्य स्वतःच्या बाळापाशी संपते काय? कोविडच्या लशींसंबंधी डिसेंबर २०२० मध्ये रोमहून आलेल्या निवेदनात, लसीकरण स्वेच्छेचे असावे, तरी सर्वांच्या हिताचाही विचार व्हावा, असे सांगितले होते. आपल्या सातारा-सांगलीकडे गाळप हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. कोपीतल्या बाळाचे कार्ड गावी राहते, डोस चुकतो. त्या आईपुढे निवडीचा प्रश्नच उभा राहत नाही. फुकटची लससुद्धा तिच्यापासून दूर असते. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर देतात. तोवर आपल्या तान्ह्याचे रक्षण बरेचसे भोवतालच्या मुलांच्या लसीकरणावरच अवलंबून असते.

शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूसाठी सरायवाल्याच्या हाती दोन नाणी ठेवली. ती ठेवायला त्याला कोणत्याही नियमाने भाग पाडले नव्हते. येत्या हंगामात आपल्या धर्मग्रामातील मोजक्या कुटुंबांनी जवळच्या कोप्यांवर जावे, बाळांच्या लशींची आपुलकीने चौकशी करावी आणि आशाताईंना कळवावे. हे कामही ऐच्छिकच आहे.