साथीची वर्दी कोण देणार?
सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा ताप प्लेग म्हणून ओळखला. निदान झाले, साथ मात्र आवरली नाही. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या ब्रिटिश अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर झडतीसाठी थेट देवघरापर्यंत शिरू लागले, तेव्हा लोकांनी रोगीच लपवले. साथ लवकर कळणे हे केवळ तपासणीचे काम नाही. आजार सांगणाऱ्याच्या विश्वासावर ते उभे असते, म्हणून तो नीतीचाही प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, रोगराई दैवाधीन. आधी कळून काय साधणार? पण दैव मानणाराही पावसाआधी घर शाकारतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हजारोंचे प्राण पणाला लागले असताना एका घराच्या अब्रूची पर्वा कशाला? कारण त्या अब्रूच्या भीतीने पहिला रोगी लपला, तर हजारोंना इशारा मिळतच नाही. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी गेल्या. रोग्याला गुन्हेगार न मानण्याचा मार्ग तेव्हाही होता. आजार कळवणे हा नागरिकाचा धर्म खरा. पण कळवणाऱ्याची विटंबना होऊ न देणे हा राज्यकर्त्याचा धर्म आहे, आणि तो पाळल्याशिवाय पहिल्याची अपेक्षा धरण्याचा अधिकार त्याला नाही.