घाई तेवढी करू नकोस

चि. सई हिस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सुट्टीत मैत्रिणी मिळून भुताचा लघुपट करणार आहात आणि हाताशी पैसे मात्र जेमतेम, हे वाचून मला बरंच वाटलं. पैसा थोडा असला की माणूस डोकं चालवतो, आणि तुझं डोकं तर (आईपुढे हे वाचू नकोस) तिच्याहूनही तल्लख. म्हणून सांगतो, इंग्लंडच्या हॅमर कंपनीचे जुने भयपट एकदा निवांत बघ.

या मंडळींचा स्टुडिओ म्हणजे लंडनबाहेर, ब्रे गावाजवळ, थेम्सच्या काठचा एक जुना वाडा. टेरेन्स फिशर यांनी दिग्दर्शित केलेला १९५८ चा 'ड्रॅक्युला' तिथलाच. बर्नार्ड रॉबिन्सन हे त्यांचे कलादिग्दर्शक. तुझी आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची ना, तसे ते एकदा उभारलेल्या भिंती, जिने, कमानी फिरवून, रंगवून पुन्हा वापरत. १९६६ चे 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' आणि 'रासपुतिन: द मॅड मंक' हे दोन चित्रपट तर एकाच सेटवर पाठोपाठ चित्रित झाले. बघणाऱ्याला मात्र किल्ला किल्लाच वाटतो, आणि काटकसर असावी तर अशी, दारिद्र्य न दाखवणारी.

यातले नट पीटर कशिंग यांच्याकडे नीट लक्ष दे. हातातली लहानशी वस्तूही ते अशी हाताळतात, की जणू वर्षानुवर्षं तीच वापरत आले आहेत. 'ड्रॅक्युला'च्या शेवटी ते टेबलावरून धावत जाऊन पडदा ओढतात, ऊन आत येतं, आणि मग दोन शमादानं आडवी-उभी धरून क्रूस करतात. ही शमादानांची कल्पना त्यांचीच. खर्च काहीच नाही, फक्त आधी शांतपणे बसून केलेला विचार. (तूही पहाटे उठून पटकथेला बस, बाळा, त्या वेळी फोनसुद्धा झोपलेला असतो.)

आता दोषही सांगतो, नाहीतर म्हणशील आजोबा नुसतं कौतुकच करतात. रात्र म्हणून दाखवलेल्या प्रसंगात झाडांच्या सावल्या भर दुपारच्या असतात, रबरी वटवाघळं बघून तर तुम्ही पोरी खदखदून हसाल, आणि खुशाल हसा. पण हे दोष सगळेच गरिबीचे नव्हेत. चित्रपट चालू लागले तसे भागावर भाग निघाले. १९७० या एका वर्षात ड्रॅक्युलाचे दोन आले, आणि ख्रिस्तोफर ली यांच्यासारखा उंचापुरा, नुसत्या नजरेनं धाक घालणारा नट हाताशी असून त्याला करायला फारसं काही उरेना. तिथे कमी पडला तो वेळ.

याउलट १९७३ चा 'द विकर मॅन' बघ. हा हॅमरचा नव्हे, पण पैसा त्याच्याकडेही बेताचाच. ली यांनी तर मानधनही घेतलं नाही. गोष्ट मे महिन्याच्या तोंडावरची, आणि चित्रीकरण स्कॉटलंडच्या ऐन गारठ्यात. मग झाडांना खोटा मोहोर लावला, आणि तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नटांनी बर्फ चघळला. सोसण्याची तयारी असली की हिवाळ्यातही वसंत उभा करता येतो, आणि ती तयारी तुझ्यात आहे, याची मला मुळीच शंका नाही.

काळजी वाटते ती एवढीच, की तुमच्या पिढीला चित्रपट दीडपट वेगानं बघायची सवय लागली आहे. भीती सावकाश येते, सई. दार उघडायला वेळ लागतो म्हणूनच ते भयंकर वाटतं. तेव्हा हे चित्रपट आहे त्या वेगानं बघ, आणि तुझा लघुपट सुट्टीत पुरा झाला नाही तर दिवाळीपर्यंत थांब, पण अर्धाकच्चा कुणाला दाखवू नकोस. पैसे लागले तर मागायला संकोच करू नकोस. थोडेच देईन, म्हणजे डोकं चालत राहील.

तुझे,
आजोबा