गाठोड्याची जागा

ज्येष्ठ महिना लागला की बीड जिल्ह्याच्या वाटा टाळ-मृदंगाने जाग्या होतात. पैठणहून नाथमहाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि पुढे शिरूर कासार, पाटोदा या तालुक्यांतून जाते. मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताबाईंची पालखी बीडला येते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून पुढे सरकते. गावोगावच्या लहान दिंड्या तर वेगळ्याच. या सगळ्या दिंड्यांत प्रस्थानाच्या आधी एक सूचना हमखास होते : माणशी एक पिशवी, एक वळकटी, जास्तीचे सामान आणू नये.

सूचना ऐकून सगळे मान डोलावतात. घरी गेल्यावर मात्र पिशवीत आणखी एक लुगडे, आणखी एक शाल, चिवड्याचा डबा शिरतोच. निघायच्या दिवशी पिशवीची चेन लागत नाही आणि वळकटीला दोरी पुरत नाही. मग साधकाच्या मनात प्रश्न येतो : सामान कमी न्यायचे ते कशासाठी? त्याने देव लवकर भेटतो काय?

कीर्तनात याचे उत्तर तयार असते. सामान कमी म्हणजे आसक्ती कमी, आसक्ती कमी म्हणजे वैराग्य. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ते फक्त माझ्याकडे पाहते. माझी पिशवी, माझा मोह, माझा उद्धार. पिशवी ठेवली कुठे, ती उचलली कुणी, तिच्यामुळे कुणाला बाजूला सरकावे लागले, हे त्यात येत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार दिंडीच्या ट्रकपाशी उभे राहून करावा असे वाटते.

पहाटे काकडा होतो, राहुट्या उतरतात आणि ट्रक भरायला लागतो. सर्वांत खाली तंबूचे बांबू आणि खुंट्या. त्यावर कढया, पातेली, गॅसच्या टाक्या, शिध्याची पोती. मग वळकट्या आणि सर्वांत वर पिशव्या. पिशवीवर रंगाने नाव किंवा नंबर घातलेला असतो, म्हणजे मुक्कामी शोधाशोध होत नाही. हे भरणे-उतरवणे करणारी चार-सहा पोरे असतात. दिवसभर चालणारा वारकरी खांद्याला शबनम, गळ्यात टाळ, पावसासाठी एखादा मेणकापडाचा तुकडा, इतकेच घेऊन चालतो. त्याचे ओझे पुढे गेलेले असते. ते नाहीसे झालेले नसते. दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेले असते, एवढेच. आपल्याला ते दिसत नाही म्हणून आपण हलके झालो असे वाटते.

रात्री हिशेब उघडा पडतो. राहुटीत दहा माणसांची जागा असते आणि पंधरा माणसे शिरतात. बाहेर आषाढाचा पाऊस, खाली ओल. ज्याची पिशवी मोठी, त्याच्या उशाशी पिशवी झोपते आणि पायाशी कुणीतरी माउली गुडघे पोटाशी घेऊन रात्र काढते. त्या रात्री पिशवीतल्या चौथ्या धोतराला जागा मिळालेली असते, म्हाताऱ्या माणसाच्या पायाला मिळालेली नसते. इथे प्रश्न आसक्तीचा राहत नाही, शेजारधर्माचा होतो.

हा प्रश्न दिंडीपुरता नाही. मुंबई बंदरातून आता गोव्याला आणि लक्षद्वीपला पर्यटकांची मोठी जहाजे जातात. आपल्या भागातली शहरात नोकरीला गेलेली लेकरेही हौसेने आईवडिलांना अशा सहलीला नेतात. जहाज बाहेरून सात-आठ मजली वाड्यासारखे, पण आतली निजायची खोली लहान. साधारण दीडशे चौरस फुटांत पलंग, कपाट, न्हाणीघर सगळे बसवलेले. त्यामुळे जाणकार माणसे सांगतात की कडक पेटीऐवजी मऊ पिशवी न्या, कपडे कपाटात लावून रिकामी पिशवी पलंगाखाली सरकवा, भिंती लोखंडी असतात म्हणून लोहचुंबकाचे आकडे न्या आणि टोपी, पंचा त्यावर टांगा. सल्ला व्यवहाराचा आहे आणि चांगला आहे. खोलीत तिघे-चौघे असतील तर एकाने दोन मोठ्या पेट्या आणल्या की बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. पैसे सगळ्यांनी सारखे भरलेले असतात, तरी जागा सारखी वाटली जात नाही. ज्याचे सामान मोठे, त्याचा वाटा मोठा होतो.

त्याच जहाजावर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. प्रवासी मोकळ्या हाताने चढतो आणि त्याची बॅग मागाहून खोलीच्या दाराशी येते. ती आणणारे हात कुणाचे? जहाजावर काम करणारी माणसे खालच्या मजल्यांवर राहतात. पुष्कळदा दोघांत एक खोली, पलंगावर पलंग. कित्येक महिने त्यांचा सगळा संसार त्या एवढ्याशा कपाटात असतो. बॅग वजनाने वीस किलो असली तर ती वाहणाऱ्यालाही वीसच किलो लागते. पैसे मोजल्याने वजन कमी होत नाही, खांदा बदलतो.

आता आपल्या जिल्ह्यातले तिसरे वाहन पाहू. दसरा झाला की शिरूर, पाटोदा, केज, धारूर, वडवणीकडच्या गावांतून ट्रॅक्टर निघतात. मागे दोन ट्रॉल्या. त्यांत बाजरी-ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, तवा, कळशी, अंथरूण, ताडपत्री, कोंबड्यांची डालगी, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर माणसे. पाच-सहा महिन्यांचा संसार त्या ट्रॉलीत मावतो. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, कर्नाटकात बेळगाव, बागलकोटकडे कारखान्याच्या परिसरात तो उतरतो आणि उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी उभी राहते. कोपीत वाकून शिरावे लागते. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात पेटी, मधे निजायचे. यातले कितीतरी जण आषाढात पंढरीच्या वाटेवर असतात. तोच माणूस वर्षातून दोनदा गाठोडे बांधतो. एकदा विठोबासाठी, एकदा पोटासाठी.

या दुसऱ्या गाठोड्याकडे पाहून कुणी म्हणेल, ‘पाहा, किती थोड्यात संसार करतात! हेच खरे वैराग्य.’ असे म्हणणे पाप आहे. जे नाहीच ते सोडण्याचा प्रश्न कुठे येतो? ज्याने सोडले त्याला वैरागी म्हणावे. ज्याला मिळालेच नाही त्याच्या उणेपणाला वैराग्याचा टिळा लावून आपण आपली जबाबदारी झटकतो. कोपीतल्या बाईला दुसरे लुगडे हवे आहे, पावसात न गळणारे छप्पर हवे आहे, आडोशाचे न्हाणीघर हवे आहे. तिची ही इच्छा आसक्ती नव्हे. तिला संतोषाचा उपदेश करण्याआधी आपण चार भिंतींच्या आत बसलो आहोत हे ध्यानात घ्यावे.

शिवाय त्या ट्रॉलीत न दिसणारे सामानही असते. हंगामाच्या आधी मुकादमाकडून घेतलेली उचल असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक ‘कोयता’ म्हणतात. माणसे दोन, मोजणी हत्याराची एक. ती उचल टना-टनाने फेडायची. पहाटेच्या थंडीत ऊस तोडायचा, मोळी बांधायची, बाईने ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षीच्या गाठोड्यात बांधली जाते. काही सामान मागेही राहते, आणि तेच सर्वांत जड असते. म्हातारे आईबाप घर राखायला राहतात. लेकरे आजीकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहाची योजना केली, ती याच दुःखावर. ट्रॉली हलकी दिसते, पण काळीज जड असते.

मग अपरिग्रहाचा अर्थ काय धरावा? केवळ वस्तू मोजून तो सापडत नाही. तुकोबारायांच्या चरित्रातला प्रसंग आठवावा. घरात सावकारी होती, लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते होती. महाराजांनी ती इंद्रायणीत सोडली, हे आपण सर्व जाणतो. त्यातला एक बारकावा मात्र सांगताना निसटतो. त्यांनी आधी खतांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपला अर्धाच नदीला दिला. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग त्यांनी परस्पर केला नाही.

या एका प्रसंगात दोन गोष्टी आहेत. त्याग स्वतःच्या वाट्याचा करायचा. दुसऱ्याला ‘तू कमी घे’ असे सांगणे म्हणजे त्याग नव्हे. दुसरी गोष्ट त्याहून खोल. ती खते महाराजांच्या घरात होती, पण कागद ते कितीसे जड? त्यांचे वजन कर्ज घेतलेल्या कुणब्यांच्या घरात होते. महाराजांनी आपल्या घरातली वस्तू सोडली आणि ओझे उतरले ते दुसऱ्याच्या डोक्यावरून. परिग्रह ओळखण्याची खूण इथे मिळते : माझ्याजवळच्या वस्तूचे वजन कुणाला लागते आहे, ते पाहावे.

नाथमहाराजांची कथाही हेच सांगते. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला वाहायला निघालेले महाराज. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि महाराजांनी कावडीतले पाणी त्याच्या तोंडी घातले. कावड म्हणजे सामानच की, खांद्यावरचे. तेही साधे नव्हे, देवाच्या नावाचे. शेकडो कोस वाहिलेले. संसाराचे सामान सोडणे एक वेळ सोपे. आपल्या पुण्याचे सामान खाली ठेवणे कठीण. राहुटीत आपली पोथी, आपली आन्हिकाची पेटी, आपले निजायचे ठिकाण यांसाठी जेव्हा वाद होतो, तेव्हा ती कावड आठवावी.

कोणी विचारील, ‘मग वारीला काहीच नेऊ नये काय?’ तसे नाही. मधुमेहाच्या माणसाने आपली औषधे न्यावीत, वेळेवर घ्यावीत. सत्तरीच्या आजीने जाड घोंगडी आणली तर तिच्या पिशवीकडे कुणी डोळे वटारू नयेत. तिची घोंगडी ही तिची गरज आहे, आणि तिला ट्रकमध्ये जागा करून देणे ही आपली सेवा आहे. उलट काही तरुण एका पंचावर निघतात आणि आपल्या हलकेपणाची मिरवणूक करतात. मग मुक्कामी एकाचा साबण, दुसऱ्याची चादर, तिसऱ्याचा चार्जर मागत फिरतात. त्यांचे सामान कमी नाही; ते दुसऱ्यांच्या पिशव्यांत भरलेले आहे. असले वैराग्य चार जणांना जड जाते.

तेव्हा यंदा गाठोडे बांधताना वजनकाटा बाजूला ठेवावा आणि एकेका वस्तूला दोन प्रश्न विचारावेत. ही वाहणार कोण? आणि ही जिथे ठेवली जाईल, तिथे हिच्याऐवजी कोण बसले असते? उत्तर आले की ‘मीच वाहणार आणि कुणाचीही जागा जात नाही’, तर निःशंक घ्यावी. उत्तर देताना मन चाचरले, तर ती घरी ठेवावी. दिंडीप्रमुखांनीही नियम सांगताना ट्रक भरणाऱ्या पोरांना सर्वांसमोर उभे करावे. ज्यांच्या पाठीवर आपली पिशवी चढणार त्यांचे तोंड एकदा पाहिले की निम्मे सामान आपोआप कमी होईल. मुक्कामी आपली पिशवी आपण उतरवून घ्यावी आणि हात मोकळे असतील तर शेजाऱ्याचीही.

दसऱ्यानंतर ट्रॉल्या निघतील तेव्हाही हे प्रश्न विसरू नयेत. साखर आपल्या चहात पडते, देवाच्या नैवेद्यात पडते. तिच्यामागे कुणाची तरी मोळी आहे, कुणाचे तरी लेकरू घरी राहिले आहे. गावात राहिलेल्यांनी त्या म्हाताऱ्यांच्या दारावरून एक चक्कर मारावी, त्या लेकरांच्या शाळेची चौकशी करावी, सप्ताहाच्या पंगतीत त्यांना आवर्जून बोलवावे. ट्रॉलीतले ओझे आपल्याला उचलता येत नसेल, पण मागे राहिलेले थोडे तरी वाटून घेता येईल.

ज्याला भेटायला आपण जातो तो कसा उभा आहे? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने विटेएवढी जागा दिली. साऱ्या ब्रह्मांडाच्या धन्याने आणखी जागा मागितली नाही. भक्ताच्या हातची सेवा मोडू नये म्हणून तेवढ्यातच पाय जुळवले. त्याच्या दाराशी जाताना आपणही शेजाऱ्याला पाय पसरता येतील एवढे आवरून बसावे. त्याच्या एका विटेचा इतका तरी मान राखावा.

जय जय रामकृष्ण हरी.