परिपथ कोठे तुटला?

(मत्तय ५ : २३, २४ वाचावे.)

गेल्या पावसाळ्यात मानवतनजीकच्या एका वाडीत आम्ही सायंप्रार्थनेस बसलो असता वीज गेली. उपदेशकांनी विजेरीची कळ दाबिली, परंतु उजेड पडेना. सेल त्याच दिवशी बाजारातून आणिलेले, दिवाही शाबूत. तेव्हा शाळेत जाणारी एक मुलगी पुढे आली. मेणबत्तीच्या उजेडात तिने विजेरी उघडली, तळच्या स्प्रिंगेवरील गंज चाकूने खरवडून काढिला व झाकण पुन्हा लाविले. लगेच उजेड पडला! ती म्हणाली, "परिपथ तुटला होता."

हा परिपथ म्हणजे काय? सेलातील जस्त व इतर रसायने यांच्या क्रियेने वीज उत्पन्न होते. एका सेलाचे बल दीड व्होल्ट, दोहोंचे तीन. प्रवाह धन टोकापासून निघतो आणि दिवा, कळ व स्प्रिंग यांच्या वाटेने ऋण टोकास परत येतो. ही जाण्यायेण्याची संपूर्ण वाट म्हणजे परिपथ होय. परतीची वाट तुटली की जाणेही थांबते.

आता उगमाकडे पाहा. सेलातील जस्त झिजून सरते. आपल्या परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. तेथे १९६८ साली सुरू झालेल्या २२.५ मेगावॅटच्या वीजगृहात पडत्या पाण्याने चक्र फिरते, व चक्राने जनित्र. परंतु पाणी आटले की चक्र थांबते. परळीचे औष्णिक वीजकेंद्र कोळशावर चालणारे, तरी २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून तेही बंद ठेवावे लागले. मनुष्याचा प्रत्येक साठा असा सरणारा आहे. ख्रिस्ताची कृपा मात्र कोणत्याही उन्हाळ्यात आटत नाही.

मग आपल्या मंडळीत अंधार का? आपण नवी पेटी आणितो, नवा उपदेशक मागतो, सभा वाढवितो. म्हणजे नवे सेल घालितो. तळचा गंज कोणी पाहात नाही. दोघे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून तीन वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एकाच प्रभुभोजनास येऊन बसतात! देवापासून आलेली क्षमा आपल्यातून भावाकडे जावी व उपकारस्तुतीच्या रूपाने देवाकडे परतावी, अशी तिची वाट आहे. ती आपल्या उंबऱ्याशी अडविली तर आपल्याच घरी अंधार पडतो. म्हणूनच अर्पण घेऊन आलेल्या मनुष्यासही प्रभूने आधी भावाच्या घराची वाट दाखविली.

कोणी म्हणेल, "अपराध त्याचा आहे, तोच येवो." बंधो, फट या टोकास असो की त्या टोकास, अंधार सारखाच. ज्याच्या हाती चाकू आहे त्याने गंज खरवडावा.

दुसऱ्यांस उपदेश करणाऱ्या आम्हांसही एका घरी जावयाचे आहे. पुष्कळ दिवस आम्ही ते टाळिले. हा लेख संपवून आम्ही निघत आहो. पुढील प्रभुभोजनापूर्वी तुम्हीही उठाल काय? प्रभु आपणां सर्वांस तेवढी नम्रता देवो. आमेन.